सीमेवरचा व्यापार: मोठं चेकपोस्ट की छोटा हाट?

सीमाभागातल्या लोकांच्या हातात पैसा नेमका कशाने येतो, हे बघायचं तर पाकिस्तान सीमेवरचं पंजाबातलं अटारी आणि बांगलादेश सीमेवरचं मेघालयातलं कालाईचर शेजारी ठेवून बघा. अटारीचं इंटिग्रेटेड चेकपोस्ट, म्हणजे कस्टम आणि तपासणी एकाच ठिकाणी होणारा नाका, 2012 ला सुरू झालं, ट्रकच्या ट्रक माल यायचा, सिमेंट, जिप्सम, खजूर, आणि त्यावर हमाल, ट्रकवाले, कस्टमची कागदपत्रं करून देणारे क्लिअरिंग एजंट, ढाबेवाले अशी आख्खी साखळी जगायची. पण 2019 ला पुलवामानंतर पाकिस्तानच्या मालावर 200 टक्के ड्युटी, म्हणजे आयात कर, लागली आणि पाठीवर पोती वाहणाऱ्यांची रोजची मजुरीच गेली, त्यांचा यात काय दोष होता सांगा?

कालाईचरचा हाट, म्हणजे सीमेवरचा छोटा बाजार, 2011 चा. हाटापासून पाच किलोमीटरच्या आतले भारत-बांगलादेशचे लोक भाजी, फळं, घरगुती वस्तू विकतात, आपापल्या चलनात, ड्युटी नाही. खरेदीला मर्यादा आहे त्यामुळे उलाढाल छोटीच राहते, रोजगारात अटारीशी बरोबरी होणारच नाही. पण पैसा थेट गावातल्याच माणसाच्या हातात पडतो, मधे एजंट नाही.

मला विचाराल तर पोट भरायला चेकपोस्टच लागतं, फक्त तिथला व्यापार थांबवताना हमालांसाठी आधी काहीतरी सोय करायला हवी होती.