तीन पेडल की दोन? नाशिकच्या चढ-उतारांवर केलेली तुलना

गाडीचे मॉडेल ठरले आहे, रंगही ठरला आहे आणि आता मॅन्युअल घ्यावी की एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन, म्हणजे क्लचचे पेडल नसलेली गाडी) एवढाच प्रश्न उरला आहे, अशांसाठी हे लिहीत आहे. मी नऊ वर्षे मॅन्युअल चालवली, नंतर सव्वादोन वर्षे एएमटी चालवली आणि आता पुन्हा मॅन्युअल घेतली आहे. किंमत आणि मायलेज यांची माहिती कोणत्याही शोरूममध्ये मिळते, म्हणून तो भाग सोडून देतो. मला बोलायचे आहे ते पायाखालच्या रचनेविषयी, कारण रोजचा फरक तिथेच जाणवतो.

एएमटीला सर्रास ऑटोमॅटिक म्हटले जात असले, तरी तिच्या आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी मॅन्युअलचीच कोरडी क्लच प्लेट असते. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम मात्र आपल्या पायाऐवजी आणि हाताऐवजी संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रणा करते. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे पारंपरिक ऑटोमॅटिक गाडीत इंजिनची ताकद तेलातून पुढे जाते, त्यामुळे ब्रेकवरचा पाय उचलताच गाडी आपसूक पुढे सरकू लागते आणि साध्या चढावर मागेही येत नाही. एएमटीत तसे तेल मध्ये नसते. तिथे प्लेट एक तर चिकटलेली असते, सुटलेली असते किंवा घासत असते. हा फरक लक्षात ठेवावा, पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

पेडलांचा आजचा क्रम पहिल्यापासून असाच नव्हता. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये पेडल तीनच होती, पण उजवे ब्रेकचे, मधले रिव्हर्सचे आणि डावे पुढच्या गिअरचे होते, तर वेग वाढवण्याचा दांडा स्टिअरिंगखाली होता. आपण आज वापरतो ती मांडणी १९१६ च्या कॅडिलॅक टाइप ५३ मध्ये आली आणि १९२२ पासून निघालेल्या ऑस्टिन सेव्हनमुळे ती सर्वदूर रुळली. या मांडणीमागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ही परस्परविरुद्ध कामे एकाच उजव्या पायाकडे दिल्यामुळे ती चुकून एकाच वेळी होत नाहीत आणि डावा पाय क्लचसाठी पूर्ण मोकळा राहतो. एएमटीत हा डावा पाय रिकामा असतो आणि त्याला ब्रेकवर मुळीच जाऊ देऊ नये, कारण क्लच तळापर्यंत दाबण्याची सवय असलेला पाय ब्रेकही तसाच दाबतो.

एएमटीचे सुख खरे आहे आणि ते मी मनापासून अनुभवले आहे. संध्याकाळी द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर हाताहाताने पुढे सरकणाऱ्या रांगेत डाव्या गुडघ्याला जो आराम मिळतो, त्याची किंमत पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला सांगावी लागत नाही. कसारा घाटाच्या वळणांवर दुसरा फायदा दिसतो: मॅन्युअलमध्ये वळणाच्या तोंडाशी गिअर उतरवण्यासाठी डावा हात स्टिअरिंगवरून काढावा लागतो, एएमटीत दोन्ही हात जागेवर राहतात. नवशिक्या चालकाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

माझा निर्णय मात्र घाटात झाला नाही, तो आमच्या इमारतीच्या रॅम्पवर झाला. गंगापूर रोडच्या बाजूला आमचे पार्किंग तळघरात आहे आणि तिथून वर येणारा रॅम्प थेट रस्त्याच्या कडेला संपतो. वर पोहोचल्यावर, गाडीचे नाक वर असतानाच थांबून डावी-उजवीकडून येणाऱ्या दुचाकी पाहाव्या लागतात आणि मागे बहुतेक वेळा शेजाऱ्यांची गाडी टेकायला आलेली असते. माझ्या एएमटीत चढावर धरून ठेवणारी हिल होल्डची सोय नव्हती. ब्रेकवरून पाय उचलून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी वीतभर मागे यायची. त्यामुळे पाय साहजिकच थोडा जास्त दाबला जायचा, मग क्लच पकडायचा आणि गाडी झटक्याने रस्त्यावर यायची, म्हणजे नेमकी जिथे सावकाश यायला हवी तिथेच. हँडब्रेक ओढून, ॲक्सिलरेटर देऊन, गाडी ओढ घेऊ लागली की हँडब्रेक सोडायचा, हा उपाय मी शिकलो आणि तो चालतोही. पण ज्या गाडीत हातापायांचे काम कमी व्हावे म्हणून जास्त पैसे मोजले, तिच्यात रोज सकाळी हे करणे मला खटकत राहिले.

असे का होते, याचा विचार केल्यावर तिसऱ्या पेडलाचे खरे काम माझ्या ध्यानात आले. मॅन्युअलमध्ये उजवा पाय ब्रेकवर असतानाच डावा पाय क्लच पकडण्याच्या जागेपर्यंत आणतो. इंजिनचा आवाज किंचित दबतो, बॉनेट जरा उचलल्यासारखे होते आणि मगच ब्रेक सुटतो. दोन कामे क्षणभर एकमेकांवर चढलेली असतात, म्हणून मधे फट राहत नाही. एएमटीत तोच उजवा पाय आधी एक पेडल सोडतो आणि मग दुसरे दाबतो, आणि पूर्ण ओढ हवी आहे हे संगणकाला दुसरे पेडल दाबल्यावरच कळते. पुढे काय करायचे आहे हे चालकाला दोन सेकंद आधी ठाऊक असते, परंतु ते गाडीला आधी सांगण्याची जागाच दोन पेडलांत उरत नाही.

हीच उणीव मला उतारावरही जाणवली. सप्तशृंगगडावरून नांदुरीकडे उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत, हे जुने चालक सांगत आले आहेत. माझी एएमटी पाय उचलला की वरचा गिअर टाकायची. मॅन्युअल मोडमध्ये घेतल्यावर हा प्रश्न सुटतो, हे कबूल केले पाहिजे. पण घाट उतरण्यापूर्वी ते आठवणीने करावे लागते.

माझा अनुभव एका गाडीचा आणि एका रॅम्पचा आहे. हिल होल्ड असलेल्या गाड्या चढावर काही क्षण ब्रेकचा दाब धरून ठेवतात आणि माझी तक्रार तिथे बरीच सौम्य होईल. ज्यांचा गुडघा दुखतो किंवा ज्यांचा रोजचा रस्ता द्वारकेवरूनच जातो, त्यांनी एएमटी घेतली तर मी त्यांना चुकीचे म्हणणार नाही. माझी जुनी गाडी आता सिडकोत थोरल्या भावाकडे आहे, त्याचे पार्किंग सपाट जमिनीवर आहे आणि तो तिच्यावर खूश आहे. तरीही ज्यांच्या घरी तळघरातले पार्किंग आहे, त्यांनी टेस्ट ड्राइव्हची गाडी कॉलेज रोडवर फिरवून परत देऊ नये. ती आपल्या इमारतीत आणावी, रॅम्पच्या वरच्या टोकाशी पूर्ण थांबवावी, मागे कोणी नाही याची खात्री करून ब्रेक सोडावा आणि ती किती मागे येते ते स्वतः पाहावे.