शास्त्रीय ऐकायला लागायचंय: अ‍ॅप, रेडिओ की मैफल?

मावसबहिणीने विचारलं, दादा शास्त्रीय ऐकायचंय पण सुरुवात कुठून करू, तिला फोनवर जे सांगितलं तेच जरा नीट लिहितोय. तिने अ‍ॅपवर सर्च करून पहिली आली ती प्लेलिस्ट लावली, आलाप म्हणजे तबल्याशिवायची संथ सुरुवात सुरू झाली, पाच मिनिटं झाली तरी तबला काही येईना, मग बंद केलं.

अ‍ॅपचं कसंय, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व असे गायक सगळे एका सर्चमध्ये हजर, पण आपण चार मिनिटांच्या गाण्याला सरावलेलो, बोट पुढच्या बटणावर जातंच. त्यात बऱ्याच ठिकाणी बडा ख्याल (संथ म्हणजे विलंबित लयीतला) आणि त्यानंतरचा छोटा ख्याल (जलद म्हणजे द्रुत लयीतला) वेगवेगळे ट्रॅक करून टाकलेत, शफल चालू राहिलं तर विलंबित एका रागातलं आणि त्यावर द्रुत भलत्याच रागातलं, नवीन माणसाला काय कळणार. म्हणून शफल आणि ऑटोप्ले आधी बंद करा. यूट्यूबवर सलग रेकॉर्डिंग मिळतात ते बरं, पण मध्येच जाहिरात आली की सगळा विचका होतो.

रेडिओवर निवडायचं कामच नाही, आणि सवय लागायला मला तरी हाच सगळ्यात चांगला वाटतो. विविध भारतीचं संगीत सरिता वर्षानुवर्षं सकाळी लागतं, छोटासा कार्यक्रम, एक राग घेऊन समजावून सांगतात, त्याच रागातलं सिनेमाचं गाणंही लावतात. आकाशवाणीचं रागम् २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीयच, न्यूजऑनएअर अ‍ॅपवर फुकट. चहाचं आधण ठेवलं की चालू करायचं, बस. आवडलं ते परत लावता येत नाही हा तोटा आहेच, म्हणून गायक, राग, ताल सांगतात ते वहीत टिपून ठेवायचं आणि रात्री अ‍ॅपवर शोधायचं.

आता मैफल. सवाई कुणाला माहीत नाही, भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्व यांच्या आठवणीत १९५३ साली सुरू केलेला महोत्सव, पुण्यात डिसेंबरमध्ये असतो. पण पहिलाच अनुभव म्हणून मी सवाई नाही सांगणार, एकामागून एक कलाकार, तासनतास, नवा कान थकतो. त्यापेक्षा जवळपासच्या छोट्या हॉलमधली नाहीतर कुणाच्या घरची बैठक गाठा आणि पुढे बसा. तंबोरे लावताना जवारीचा दोरा, म्हणजे घोडीवर तारेखाली असतो तो, इतकासा सरकवतात आणि एकदम सूर भरून येतो, ते समोर बसूनच कळतं. मला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कशी कळायला लागली ते सांगतो, शेजारी एक आजोबा बसले होते, तीनतालाच्या सोळा मात्रा मांडीवर बोटांनी मोजत होते, टाळीच्या मात्रेला हात मांडीवर, ‘खाली’च्या म्हणजे बिनटाळीच्या मात्रेला उलटा, मी गाण्याकडे कमी आणि त्यांच्या हाताकडेच जास्त बघत होतो, अर्ध्या तासाने समेवर माझी मान आपोआप हलली. हे हेडफोनमध्ये होत नाही. पण अशा बैठका महिन्याला एखादी मिळाली तरी खूप, लहान गावात तेवढीही नाही, त्यामुळे फक्त त्यावर सवय लागत नाही.

घरी लहान मुलं असतील, हातात कायम काहीतरी काम असेल तर रेडिओच घ्या. रोज लोकलने जात असाल तर अ‍ॅप, पण आठवडाभर एकच राग. भूप घ्या, पाचच स्वर, मध्यम (म) आणि निषाद (नी) नाहीत, कान लवकर धरतो. आठवडाभर वेगवेगळ्या गायकांचा भूप ऐका आणि मग देसकार लावा, स्वर तेच पाच पण भूपात जोर गंधारावर (ग) आणि इथे धैवतावर (ध), त्यामुळे सगळा रंगच पालटतो. हा फरक कानाला जाणवला की पुढे कुणी सांगावं लागत नाही.

लांब ख्यालाचा धसकाच घेतला असेल तर जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्ड ऐका, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यात गायक सगळं सार ओततात. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर आपल्या गोव्याच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी अवकाशात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच.

बहिणीने सध्या सकाळचा रेडिओ आणि भूप एवढंच धरलंय. पुढच्या महिन्यात आमच्याकडे बैठक आहे, तिला दुसऱ्या रांगेत बसवणार आहे, तबलजींच्या बाजूला.