ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: कोड दोघांनीही तोच दाखवला, पण...

गेल्या पावसाळ्यात मागवलेला, एल्म ३२७ या स्कॅनर-चिपची नक्कल असलेला स्कॅनर. ही डबी गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावायची, मग मोबाइलच्या ॲपवर इंजिनचे बिघाडाचे कोड आणि चालू आकडे दिसतात. मी बेळगावचा; कोल्हापूरला जाताना पेट्रोल इकडे कर्नाटकात स्वस्त म्हणून सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडेच टाकी भरणारा माणूस. जुनी पेट्रोल हॅचबॅक इंजिन तापल्यावरही सिग्नलला १४०० आरपीएमवर घरघरायला लागली, तेव्हा जीव तुटायचा.

सर्व्हिस सेंटरने आपला मोठा स्कॅनर लावला. पी ०५०७. लगेच, "थ्रॉटल बॉडी बदलावी लागते की ओ साहेब." म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप असलेला भाग. पाच आकडी कोटेशन! या कोडचा अर्थ एवढाच की आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाचा इंजिनचा वेग, हवा त्यापेक्षा जास्त आहे. ते मला आरपीएमच्या काट्यावर दिसतच होतं.

माझ्या डबीनेही तोच कोड दाखवला, म्हणून वैतागून दोन तारे दिले होते. मत बदललं लाइव्ह डेटामुळे. कूलंट ९० अंशांच्या आसपास, म्हणजे ठीक. त्याचा सेन्सर ४० वर अडकला असता तर ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, इंजिन थंडच समजून आयडल चढवला असता. पाय काढला की थ्रॉटल पूर्ण मिटत होता, म्हणजे केबलही मोकळी. राहिली व्हॅक्यूम लीक, म्हणजे फाटक्या नळीतून इंजिनात जादा हवा ओढली जाणं. ती असली की फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलच्या मापात करतो ती दुरुस्ती, पंधरा-वीस टक्के चढतो असं जो तो सांगतो. माझा जेमतेम दोन-तीन. पण तो हिशेब आत येणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या गाड्यांचा, तिथे चोरटी हवा सेन्सरला चुकवून आत शिरते. माझ्या गाडीत मॅप सेन्सर. तो मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजतो, त्यामुळे जादा हवाही धरली जाते, तिच्या मापाने पेट्रोल सुटतं, ट्रिम शहाणा दिसतो आणि इंजिन पळतं.

याच मॅप सेन्सरवरून माझं डोकं फिरलं. चावी ऑन, इंजिन बंद असताना तो ९२-९३ किलोपास्कल दाखवतो. "१०१ पाहिजे, हा पण गेलाय," म्हणून सर्व्हिसवाल्यांनी तोही कोटेशनमध्ये घातला. अहो, बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, इथल्या हवेचा दाबच तेवढा! चोर्ला घाट उतरून पणजीत बघितलं, तोच सेन्सर १०१ दाखवतो. गावाची उंची माहीत नसलेल्यांनी माझ्या खिशाला हात घालायचा?

शेवटी बेळगावातल्याच उद्यमबागेतला मिस्त्री. पक्कडीला चिंधी गुंडाळून त्याने एकेक नळी मॅनिफोल्डजवळ दाबली. "तुम्ही आकडा बघा की, मी नळी बघतो." ब्रेक बूस्टरची दाबली, फरक नाही. पीसीव्हीची, म्हणजे इंजिनच्या आतल्या वाफा परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी, दाबली आणि आरपीएम धपकन खाली. रबर कडक होऊन खालच्या अंगाला फाटलं होतं, वरून दिसणं शक्यच नव्हतं. क्लीनरचा स्प्रे मारून लीक शोधायला त्याने साफ नकार दिला; तापलेल्या मॅनिफोल्डवर भडका उडतो. नवी नळी मजुरीसकट पाचशेच्या आत. आता आयडल ८०० च्या आसपास, एसी लावला की थोडा चढतो, तेवढा चढायचाच.

तारे आता चार. पाचवा देणार नाही, कारण ही डबी गाडी बंद असतानाही करंट खाते. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर काढून ठेवा, नाहीतर बॅटरी बसते. पाकिटावर याचा उल्लेखही नाही. आणि २०१३ च्या आधीची गाडी असेल तर डबी तिला जुळेलच असं नाही, जोडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.