कृषी विस्तारचा नेट क्लास : सरांचं शिकवणं एक नंबर, टेस्ट सिरीज सुधारा

एएसआरबी नेटला (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची, सहायक प्राध्यापक व्हायला लागणारी पात्रता परीक्षा) कृषी विस्तार शिक्षण, म्हणजे शेतीचं नवीन ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याचा विषय, घेतलाय आणि हा ऑनलाइन क्लास लावू की नको असं चाललं असेल तर सरळ लावा, पण सरांच्या लाईव्ह लेक्चरसाठी लावा, टेस्ट सिरीजच्या भरवशावर नको.

शिकवणारे सर कृषी विद्यापीठातून विभागप्रमुख म्हणून रिटायर झालेत. वरिष्ठ संशोधन सहायक, मग सहायक प्राध्यापक, सहयोगी, प्राध्यापक, सगळ्या पायऱ्या चढून आलेले, त्यामुळे त्यांच्या लेक्चरला गाईड वाचून दाखवल्याचा फील येतच नाही. मेथड डेमॉन्स्ट्रेशन आणि रिझल्ट डेमॉन्स्ट्रेशन यात फरक काय हे बीएस्सीपासून पाठ केलेलं असतं आपण, सरांनी ते रावेच्या (गावात राहून शेतीकामाचा अनुभव घ्यायचा बीएस्सीचा कार्यक्रम) मुलांवरून समजावलं. गावात एक टक्का बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक) करून दाखवायचं होतं, १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये भिजवलं, एकत्र केलं आणि मग एका काकांचाच लोखंडी विळा घेऊन त्यात बुडवला, विळ्यावर तांबूस थर चढला म्हणजे चुना कमी पडलाय, अजून चुन्याची निवळी घाला. ही झाली मेथड. तेच एका प्लॉटवर फवारून शेजारचा प्लॉट तसाच ठेवला आणि नंतर शेतकऱ्यांना बांधावर उभं करून रोगातला फरक दाखवला तो रिझल्ट. आता हा प्रश्न कसाही फिरवून विचारा, चुकणार नाही.

अॅडॉप्शनचा (शेतकरी नवीन तंत्र कसं स्वीकारतात त्याचा) चॅप्टर तर भारीच. सगळ्यात आधी स्वीकारणाऱ्यांपासून सगळ्यात मागे राहणाऱ्यांपर्यंत पाच गटांचे रॉजर्स या अभ्यासकाने दिलेले २.५, १३.५, ३४, ३४, १६ हे टक्के सगळेच रटतात, सर आधी आयोवातल्या हायब्रीड मक्याचा रायन आणि ग्रॉसचा १९४३ चा अभ्यास घेतात आणि मग म्हणतात आता आपापल्या गावात ठिबक आधी कोणी बसवलं, मागून कोणी, ते लिहून काढा. आणि लॅगार्ड (सगळ्यात शेवटी स्वीकारणारा) म्हणजे अडाणी असं कोणी म्हटलं की सर तिथेच थांबवतात, त्याच्या विहिरीला पाणी आहे का, सोसायटीचं कर्ज थकलंय का ते आधी विचारा म्हणतात. मला हे फार पटलं, विस्तारवाल्या माणसाने हे शिकलंच पाहिजे.

रविवारी करिअरवर वेगळं सेशन असतं, ते अजिबात चुकवू नका. सहायक प्राध्यापक म्हणजे दोन लेक्चर घेतली की सुटलो असं ज्यांना वाटतं त्यांनी तर ऐकाच. सकाळी यूजीचं प्रॅक्टिकल, दुपारी पीजीच्या मुलांचे थिसिस, मध्येच शेतकरी मेळाव्याची ड्युटी, शिवाय नास (राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी) रेटिंगवाल्या जर्नलमध्ये पेपर आणि जॉइंट अॅग्रेस्कोमध्ये (राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन बैठक) सगळ्यांसमोर आपली शिफारस टिकवायची. शिक्षण, संशोधन, विस्तार तिन्ही एकाच माणसाच्या गळ्यात. पदभरतीची जाहिरात लवकर निघत नाही, तोवर कंत्राटी काम करावं लागतं हेही सर स्पष्ट सांगतात, उगाच स्वप्नं विकत नाहीत.

टेस्ट सिरीज मात्र कोणी तपासलेलीच नाही. पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ ला पुद्दुचेरीत सुरू झालं, उत्तरांत १९७६ छापलंय, ग्रुपवर सांगितलं तर "बघतो" आणि विषय संपला. खऱ्या पेपरला १५० प्रश्न, दोन तास, वर चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कट, ओपनवाल्याला ५० टक्के लागतात, अशात चुकीची उत्तरं पाठ झाली तर पोरांचं वर्ष जातं हो! फी घेताय तर एखादा पीएचडीवाला बसवून सगळी उत्तरं तपासून घ्या.

भाषेचं टेन्शन घेऊ नका, सर मराठीतून बोलतात, टर्म इंग्रजीच ठेवतात, मराठी मीडियमवाल्यांना एकदम सोयीचं. ज्यांना लाईव्ह जमत नाही त्यांना रेकॉर्डिंग मिळतं पण आवाज बारीक येतो, हेडफोन लावा. रविवारचं तेवढं लाईव्हच बघा, तिथे प्रश्न विचारता येतात आणि वेळ संपली तरी सर शेवटच्या मुलाचं ऐकून घेतल्याशिवाय उठत नाहीत.