कैरोतील फ्रेंच वर्ग: शिक्षिका जाणकार, पुस्तक परके

बृहत् कैरोच्या दोक्की भागातील एका खासगी भाषासंस्थेचा फ्रेंचचा प्राथमिक वर्ग अरबी मातृभाषा असलेल्या प्रौढांसाठी आहे, आणि विद्यार्थी नेमका कोठे अडखळणार हे तेथील शिक्षिकेला आधीच ठाऊक असते, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. प्रमाण अरबीत ‘प’ हा ध्वनी नाही. त्यामुळे मासा या अर्थाचा ‘प्वासों’ बोलता बोलता ‘ब्वासों’, म्हणजे पेय, होऊन बसतो. गळ्यावर बोटे ठेवून ‘ब’ला कंप जाणवतो आणि ‘प’ला जाणवत नाही, हे शिक्षिका प्रत्येकाकडून करून घेतात. घशातून येणारा फ्रेंच ‘र’ मात्र अरबीतील ‘ग़ैन’ या अक्षराच्या ध्वनीजवळचा असल्याने त्यावर त्या वेळ दवडत नाहीत.

व्याकरणातही हीच दृष्टी दिसते. अरबीत वर्तमानकाळी ‘असणे’ हे क्रियापद लागत नाही, म्हणून नवशिके फ्रेंचमध्येही ते गाळतात. उलट ‘मी वाचलेले पुस्तक’ म्हणताना अरबी रचनेप्रमाणे एक जादा सर्वनाम घुसवतात. अशा वेळी शिक्षिका दोन्ही भाषांतील वाक्ये फळ्यावर शेजारी मांडतात. वर्गात केवळ फ्रेंचच बोलावे असा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण चूक कोठून येते हे दिसल्याशिवाय ती सुटत नाही, असे माझे मत आहे.

पाठ्यपुस्तकाबद्दल मात्र असे म्हणवत नाही. ते फ्रान्समध्ये, साऱ्या जगासाठी एकच, असे तयार झालेले आहे. पण अरबी भाषिक देशांतही फ्रेंचशी ओळख सारखी नसते. ट्युनिशियात माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान फ्रेंचमधून शिकवले जाते. इजिप्तमधील बहुतेकांना मात्र फ्रेंच भेटते ती इंग्रजीनंतरची दुसरी परकीय भाषा म्हणून. साहजिकच येथील विद्यार्थ्याला लॅटिन लिपी नडत नाही, तर फ्रेंचमध्ये बहुधा मूक राहणारी शब्दाच्या शेवटची अक्षरे उच्चारण्याची इंग्रजीची सवय नडते, आणि त्याविषयी पुस्तकात अवाक्षर नाही.

फ्रेंचच्या प्रावीण्याचे प्रमाणपत्र देणाऱ्या ‘देल्फ’ परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण यांना प्रत्येकी 25 गुण असतात; उत्तीर्ण होण्यासाठी एकूण 50 आणि प्रत्येक भागात किमान 5 गुण लागतात. या वर्गात बहुतेक वेळ लेखनाला जातो, संभाषणाला तासाची शेवटची काही मिनिटेच उरतात. त्यामुळे परीक्षेच्या हेतूने येणाऱ्याने तोंडी सरावाची वेगळी सोय करूनच शुल्क भरावे.