निकोटिन गम, सात महिन्यांनंतर: चार पट्ट्या उरल्यात

सिगरेट सोडायला घेतलेल्या गमच्या चार पट्ट्या औषधवाल्याने परत घेतल्या नाहीत, म्हणून लिहायला बसलोय. न उघडलेल्या, मुदत बाकी, बिल हातात. तरी मान हलवली ती हलवलीच. एकदम घेतल्या की पाच टक्के सूट देतो म्हणून यानेच गळ्यात मारल्या होत्या.

पहिला आठवडा मी गम च्युइंगमसारखा कचाकचा चावला. घसा जळला, उचक्या लागल्या, ऑफिसात लोक पाणी घेऊन उभे. आणि तलफ? जागच्या जागी. तेव्हा लिहिलं असतं तर एक तारा, तोही नाइलाजाने.

मग सिगरेटच्या पाकिटावर छापलेला, तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा नंबर लावला. फुकट आहे म्हणून, खोटं कशाला बोलू. पलीकडच्या बाईंनी विचारलं, उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळात? म्हटलं, दात घासायच्या आधी. (हा प्रश्न फागरस्ट्रोम नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या १९७८ च्या प्रश्नावलीतला, हे नंतर वाचलं. व्यसन किती मुरलंय ते यातून बरंच कळतं म्हणे.) अर्ध्या तासाच्या आत ओढत असाल तर २ मिलिग्रॅमने भागत नाही, ४ चा लागतो. २ चा असाच मिळतो, ४ ला डॉक्टरची चिठ्ठी. म्हणजे आधीच्या पट्ट्या पाण्यात आणि डॉक्टरची फी वर.

चावायचा कसा तेही तेव्हाच कळलं. हळू दोन-चार चावे, चुरचुरायला लागलं की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा. चुरचुर गेली की पुन्हा चावे. असा अर्धा तास. ऐकताना आमचे आबाच डोळ्यांसमोर आले. चंची, चुना, तळहातावर मळणं, आणि बार. मग वाचतच गेलो. तोंडात आंबटपणा असला की निकोटिन गालातून नीट आत जात नाही. तंबाखूत चुना त्यासाठी, गममध्ये सोड्याच्या जातीचा क्षार त्यासाठी. मूळ कल्पनाही तिथलीच. स्वीडनच्या पाणबुडीत सिगरेट ओढता येईना, तेव्हा खलाशी तंबाखू तोंडात धरायचे. तिथल्याच लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी ते हेरलं आणि १९६७ मध्ये हेल्सिंगबोर्गच्या औषध कंपनीतल्या ओवे फेर्नोला कळवलं. त्याने गम केला, १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याला मंजुरी मिळाली. आबांचाच बार, तंबाखू वगळून. इथे मी तीन ताऱ्यांवर आलो.

आता खरा दोष. चहा.

गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी, सरबत काही नाही, नाहीतर गम वाया. हिशेब करा. दिवसाला आठ गम, प्रत्येकी पाऊण तास, झाले सहा तास. सिगरेट सोडायला निघालो होतो, चहा सोडायला कोणी सांगितलं होतं? बायको म्हणाली, पट्टी तरी फेक नाहीतर कप तरी, पण माझ्यासमोर घड्याळ बघू नकोस. गमचा भाव जवळपास सिगरेटएवढाच, त्यामुळे एक घोट चुकून घेतला तरी जीव हळहळायचा. महिनाभर यावर मी इतकी चिडचिड केली, की आता कबूल करायला लाज वाटते: चहा नाही म्हणून टपरीवर जाणं बंद झालं, आणि माझी खरी सिगरेट तिथेच होती. अर्धा तारा परत दिला.

बारा आठवड्यांचा कोर्स मी पाच महिने ओढला. शेवटी अर्धा गम, मग नुसता खिशात. नवा ओढणारा विचारेल, लागू पडतो का? कोक्रेन म्हणून उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था आहे, तिच्या २०१८ च्या आढाव्यानुसार अशा औषधांनी सुटण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते. ऐकायला भरघोस, पण नुसत्या निश्चयाने मुळात फार थोड्यांची सुटते, त्या थोड्यांवर ही वाढ. मला त्या वाढीत जागा मिळाली. सव्वातीन तारे.

पाव तारा कापला तो औषधवाल्यासाठी. पट्ट्या माझ्याकडे सरकवत म्हणाला, ‘‘ठेवा ना साहेब, लागतील परत.’’ राग पैशांचा नव्हता. बरं, बराचसा पैशांचाच होता.