आयरिश पूर्वजाची कबर: पैसे कुठे मोजायचे, पाय कुठे झिजवायचे?

मृत्यूचा दाखला मिळाला की काम झालं असं वाटतं. आयर्लंडमध्ये 1864 पासूनच्या या सरकारी नोंदीत वय, व्यवसाय, मृत्यूचं ठिकाण सापडतं. कुठे पुरलं हे मात्र नसतं. पुढची वाट माणूस कुठला होता त्यावर ठरते.

डब्लिनचा असेल तर आधी ग्लासनेव्हिन. कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढलेले नेते डॅनियल ओकॉनेल यांच्या पुढाकाराने 1832 मध्ये उघडलेल्या या दफनभूमीत सुमारे 15 लाख माणसं आहेत. नोंदी ऑनलाइन आहेत, पण फुकट नाहीत. माझं मत विचाराल तर पैसे मोजा, आणि एकट्या माणसाची नोंद न घेता अख्ख्या कबरीची घ्या. कधी कधी घरात कुणी नावही न काढलेली, तान्हेपणी गेलेली पोरं त्या यादीत भेटतात.

बेलफास्ट महापालिकेच्या नोंदी 1869 पासूनच्या आणि शोध मोफत. पण इथे एक मेख आहे. महापालिकेच्या सिटी सिमेटरी या दफनभूमीत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मृतांच्या मध्ये जमिनीखाली भिंत घातली होती, सुमारे नऊ फूट खोल! एवढं करूनही कॅथलिक बिशपशी वाद मिटला नाही, आणि कॅथलिकांसाठी जवळच मिलटाउन ही वेगळी दफनभूमी उघडली. पूर्वज कॅथलिक असेल तर बहुधा तिथेच असणार, आणि मिलटाउन महापालिकेच्या यादीत येत नाही.

खेड्यातल्या माणसाचा शोध सगळ्यात चिवट. राष्ट्रीय ग्रंथालयाने 2015 मध्ये मोफत खुल्या केलेल्या कॅथलिक नोंदवह्यांत बाप्तिस्मे आणि लग्नंच जास्त, दफनं क्वचित. जुनी दफनभूमी बहुधा प्रॉटेस्टंट चर्चच्या ताब्यात असायची आणि कॅथलिकही तिथेच पुरले जायचे, म्हणून त्या चर्चची वही बघा. त्यातल्याही कित्येक 1922 च्या डब्लिनमधल्या आगीत गेल्या. मग ग्रिफिथची मूल्यांकन-यादी (1847 ते 1864, कुणाकडे कुठली जमीन-घर आणि त्याची किंमत किती, याची सरकारी नोंद) काढून वाडी नक्की करा आणि जवळची जुनी दफनभूमी गाठा.

थडग्यांच्या फोटोंच्या मोफत साइट, फाइंड अ ग्रेव्ह किंवा हिस्टॉरिक ग्रेव्ह्ज, दुव्यापुरत्या ठीक. दगड कोरायला पैसे लागत. शेतमजुराच्या डोक्याशी तो कुठून येणार? तिथे नाव नाही, म्हणजे माणूस तिथे नाही असं होत नाही.

1845 नंतरच्या बटाट्याच्या महादुष्काळात कॉर्क परगण्यातल्या स्किबरीन गावाजवळ ॲबीस्ट्रूरीच्या सामायिक खड्ड्यांत हजारो माणसं बिननावाची पुरली. पूर्वज 1847 च्या सुमारास त्या भागात वारला असेल, तर नोंदींवर पैसे घालवू नका. तिकीट काढा.